गोदीतला मिस्तरी : जमशेदजी बमनजी वाडिया

अजिंठ्याला आपण सारेच जातो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे घटकाभर उभे राहतो आणि पुढे निघतो. दुसऱ्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगविलेले आहे, त्याच्यापुढे मात्र फारसे कोणी थांबत नाही. तीन डोलकाठ्या, उंच उचललेली नाळ, मागे सुकाणूचे वल्हे आणि ओळीने मांडलेले रांजण. पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतले ते जहाज. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात बसून ते रंगविणाऱ्याने कधीतरी बंदर पाहिले असले पाहिजे, असे वाटल्यावाचून राहत नाही. चित्रकाराचेच नाव आपल्याला ठाऊक नाही. मग तशी जहाजे बांधणाऱ्या सुताराचे नाव कोठून ठाऊक असणार?

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघुरेच्या खोऱ्यात शिकारीला आला आणि ही लेणी पुन्हा जगापुढे आली. त्याच वेळी मुंबईच्या गोदीत एक वृद्ध पारशी गृहस्थ कमरेला फूटपट्टी खोचून सागवानाचे ओंडके तपासत हिंडत होते. जहाजे बांधणाऱ्या हिंदी कारागिरांपैकी ज्या थोड्यांची नावे इतिहासाने जपली, त्यांत यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. हे जमशेदजी बमनजी वाडिया.

घराणे मूळचे सुरतेचे. वाडिया म्हणजेच जहाज बांधणारा. आडनावातच धंदा आहे. जमशेदजींचे आजोबा लवजी नसरवानजी यांना ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली सुरतेहून मुंबईला आणले. बरोबर काही सुतार होते. मुंबई तेव्हा आजची मुंबई नव्हती. पण कंपनीला आपली जहाजे दुरुस्त करायला हक्काची जागा हवी होती, आणि लवजींनी ती उभी करून दिली. १७५० साली तिथे सुकी गोदी झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, दार लावायचे, पाणी काढून टाकायचे आणि कोरड्यात उभ्या राहिलेल्या जहाजाच्या तळाशी बसून काम करायचे, अशी ही सोय होती.

लवजींनी आपल्या नातवांना गादीवर बसविले नाही, रंध्यावर बसविले. फ्रामजी माणेकजी आणि जमशेदजी बमनजी या दोघा चुलतभावांना त्यांनी बारा रुपये महिना पगारावर साधे सुतार म्हणून तयार केले आणि १७७१ मध्ये गोदीच्या कामात आणले. आजोबा मुख्य मिस्तरी आणि नातू बारा रुपयांवर! आजच्या वशिल्याच्या युगात ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पुढे वडील आणि चुलते वारल्यावर, १७९२ साली, गोदीची सूत्रे या दोघा भावांच्या हाती आली. १८०४ साली फ्रामजी गेले आणि मुख्य भार जमशेदजींवर पडला. जोडीला फ्रामजींचे भाऊ रुस्तमजी होते.

जहाज बांधणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे, नाहीतर या माणसाची थोरवी कळणार नाही. कागदावर जहाजाच्या रेषा काढलेल्या असतात. त्या रेषा जमिनीवर खऱ्या मापाने मोठ्या काढायच्या, त्यांवरून पातळ फळ्यांचे साचे करायचे आणि प्रत्येक साच्याला बसेल असे, मुळातच त्या अंगाने वाकलेले लाकूड शोधायचे. जहाजाची बरगडी वाकड्या झाडातून निघते; सरळ लाकूड कापून ती केली तर धागा तुटतो आणि पहिल्याच वादळात दगा देते. अशा शेकडो बरगड्या तळच्या कण्यावर उभ्या करायच्या. मुंबईच्या सुतारांची आणखी एक खुबी होती. ते फळ्या नुसत्या शेजारी शेजारी ठोकत नसत. एकीच्या कडेची खोबण दुसरीच्या कडेला अशी बसवीत की सांधा पाण्याला सापडूच नये. आणि लाकूड सागवान. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने ते टिकतात. इंग्लंडात बांधलेली जहाजे कुजून मोडीत निघत, तिथे मुंबईची जहाजे पिढ्यान्‌पिढ्या चालत.

हे सागवान मुख्यतः मलबारच्या जंगलातून येई. १८०६ साली कंपनीने तिथे कॅप्टन वॉटसन याला वनरक्षक नेमले. नाव रक्षकाचे, काम आरमारासाठी लाकूड मिळविण्याचे! जमिनीच्या मालकांचे हक्कही त्यात बुडाले. शेवटी इतका ओरडा झाला की १८२३ साली ते पदच मोडावे लागले. वाडियांच्या कीर्तीचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा कोणी मांडत नाही.

नेपोलियनशी युद्ध चालू होते आणि इंग्लंडात ओकची टंचाई पडली होती. तेव्हा राजाच्या आरमाराची जहाजे मुंबईत बांधावीत, असा विचार लंडनला सुरू झाला. विचाराबरोबर शंकाही आली : काम मोठे, तेव्हा त्यावर गोरा मिस्तरी पाठविला पाहिजे. पण जमशेदजींच्या हाताची ख्याती वरिष्ठांच्या कानी गेली होती. गोरा मिस्तरी आला नाही. १८०५ साली पिट ही युद्धनौका पाण्यात उतरली. पुढे तिचे नाव सालसेट, म्हणजे आपली साष्टी, असे ठेवले गेले. मग १९ जून १८१० रोजी नव्या डंकन गोदीतून चौऱ्याहत्तर तोफांचे मिंडेन बाहेर पडले. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेले राजाच्या आरमाराचे हे पहिले मोठे लढाऊ गलबत. ते एका हिंदी माणसाच्या देखरेखीखाली, हिंदी सुतारांच्या हातांनी तयार झाले.

मिंडेनबद्दल एक कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते, की अमेरिकेचे राष्ट्रगीत १८१४ मध्ये याच जहाजावर लिहिले गेले. ती खरी नाही. मिंडेन तेव्हा पूर्वेकडच्या समुद्रात होते. जमशेदजींच्या मोठेपणाला असल्या उसन्या दागिन्याची गरजही नाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याचा विचार केला पाहिजे. या युद्धनौकांचे आराखडे इंग्लंडहून येत. मग जमशेदजींना रचनाकार म्हणावे की नुसते बांधणारे? त्रिंकोमालीचेच उदाहरण घ्या. फ्रेंचांच्या पकडलेल्या एका जहाजाच्या रेषांवरून इंग्रजांनी तो आराखडा केला होता. तो घेऊन निघालेले जावा हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांशी लढताना गेले आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. याचा अर्थ इतकाच, की रेषा कोणाच्याच घरच्या नव्हत्या. त्या फ्रान्समधून इंग्लंडात आणि इंग्लंडातून मुंबईत आल्या. त्या ओकसाठी काढलेल्या रेषा सागवानात उतरविणे हे नकलेचे काम नव्हे. शिवाय व्यापारी जहाजे वाडिया आधीपासून बांधीतच होते. माझ्या मते हा भेद कागदावर बसणाऱ्यांनी केलेला आहे.

आता जमशेदजींच्या मनात काय होते, ते पाहू. त्यांची भाषणे नाहीत. एक आख्यायिका आहे. १८०० सालच्या कॉर्नवॉलिस या कंपनीच्या जहाजाच्या आत, तळच्या लाकडावर, सहज दिसणार नाही अशा जागी त्यांनी चार शब्द कोरून ठेवले. गोरे लोक काळ्या माणसाला जी शिवी हासडीत तीच स्वतःला लावून, अशा माणसाने हे जहाज बांधले, असे साल घालून लिहिले. पुष्कळ वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले तेव्हा त्यांनीच ते हसत हसत दाखविले, असे सांगतात. मान मिळत होता, भेटी मिळत होत्या. कंपनीने त्यांना चांदीची फूटपट्टी दिली होती. तरी आत काहीतरी सलत होते. ते त्यांनी लाकडाला सांगितले.

१८१३ साली याच नावाचे दुसरे जहाज, चौऱ्याहत्तर तोफांचे, त्यांनी राजाच्या आरमारासाठी बांधले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी त्याच कॉर्नवॉलिसवर नानकिंगचा तह झाला आणि चीनने हाँगकाँग इंग्रजांच्या हवाली केले. अफूच्या पायी झालेले ते युद्ध. जमशेदजी तेव्हा हयात नव्हते, पण त्या सफाईदार तक्तपोशीवर एका आशियाई राष्ट्राची मान खाली घातली गेली, हे वाचताना अभिमानाबरोबर एक कळही उठते. सुताराला आपण याचा जाब विचारावा का? मला त्याचे सरळ उत्तर देता येत नाही.

जमशेदजी ३१ ऑगस्ट १८२१ रोजी वारले. पुत्र नवरोजींनी गोदी सांभाळली. नातू जहांगीर नवरोजी १८३८ साली चुलतभावाबरोबर जहाजबांधणी शिकायला विलायतेला गेले आणि दोघांनी त्या प्रवासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. वाफेचे आणि लोखंडाचे दिवस आले होते. रंध्याचे दिवस सरत चालले होते.

जहाजे मात्र मागे उरली. मिंडेन हाँगकाँगला रुग्णनौका झाले आणि १८६१ साली मोडीत विकले गेले. कॉर्नवॉलिस पुढे इंग्लंडात धक्का म्हणून उभे राहिले आणि १९५७ पर्यंत टिकले. १८१५ सालचे वेलस्ली १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बाँबनी टेम्स नदीत बुडाले. १८१७ च्या त्रिंकोमालीच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. ते जहाज १८१९ साली, म्हणजे अजिंठ्याची लेणी उजेडात आली त्याच वर्षी, इंग्लंडला पोचले. पुढे नाव बदलून अनेक वर्षे ते मुलांना दर्यावर्दीपणा शिकविण्याच्या कामी आले, मग हार्टलपूल बंदरात आले आणि तिथे दुरुस्त होऊन त्याला जुने नाव परत मिळाले. ते आजही पाण्यावर तरंगते आहे आणि त्याचे बरेचसे लाकूड अजून तेच, मुंबईच्या गोदीत कापलेले आहे.