मणक्यांवरून डायनासोरांचा गट ओळखणारे रिचर्ड ओवेन

इंग्लंडमधील लँकेस्टर येथे २० जुलै १८०४ रोजी जन्मलेले शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी आयुष्यभर प्राण्यांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस यांचे जीवाश्म इतरांना सापडले होते. कटिभागातील एकजीव झालेले पाच मणके आणि बरगड्यांची मणक्यांशी असलेली दुहेरी सांधणी अशा लक्षणांवरून ओवेन यांनी त्यांचा स्वतंत्र गट मानला. १८४२ मध्ये त्याला ‘डायनोसॉरिया’ हे नाव दिले. सर्व पृष्ठवंशीयांचे सांगाडे एकाच मूळ आराखड्यावर बेतलेले आहेत, असेही त्यांनी प्रतिपादले. चार्ल्स डार्विन यांनी त्या साम्यात समान पूर्वज पाहिला. त्यांच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताला ओवेन यांनी मात्र तीव्र विरोध केला. १८ डिसेंबर १८९२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.