टिपूच्या कैदेत नाक गेलं, पुण्यात नवीन मिळालं: कावसजीची गोष्ट

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात डॉक्टरांइतकंच एका पेशंटचं नाव घेतलं जातं, ते म्हणजे कावसजी.

कावसजी हा मराठा शेतकरी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. हरिहरेश्वराला कुलदैवत मानणारे पेशवे तेव्हा टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने होते. १७९२ च्या युद्धात कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला.

जीव वाचला, कंपनीची पेन्शनही मिळाली. पण नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं. वर्षभर त्याने तसंच काढलं.

मग १७९३ मध्ये पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवीन नाक बसवून दिलं. मुंबईच्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी पाहिलेली ही पद्धत अशी होती.

आधी मेणाच्या पातळ पापुद्र्याने नाकाचं माप घ्यायचं. तो पापुद्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन भुवयांमधली छोटी पट्टी मात्र जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त पोहोचत राहतं. मग कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि जुन्या नाकाच्या कडेने पाडलेल्या चिरेत बसवायची. वरून ओल्या काताच्या पाच-सहा कापडी पट्ट्या. टाके नाहीतच. पेशंटने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं.

आता यामागचं विज्ञान बघा. जखम भरताना पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे तयार करतात. जखमेवर ताण असला की पेशींना तो जाणवतो. त्या जास्त कोलॅजन बनवतात, धागे ताणाच्या दिशेने लागतात आणि व्रण जाड, रुंद होतो. इथे कातडी मापाची, पेशंट पडून आणि सांधा पट्ट्यांनी धरलेला. म्हणजे ओढाताण कमी.

दुसरा धोका आकसण्याचा. जखमेतल्या काही पेशी स्नायूंसारख्या आवळतात आणि कोलॅजनचं जाळं ओढून घेतात. अशाने नाकपुड्या बुजू शकतात. म्हणून दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापायची.

यातलं कोलॅजन तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते जखम कशी वागते हे.

जानेवारी १७९४ मध्ये जेम्स वेल्सने कावसजीचं चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकिकत छापून आली. त्यावरून शिकून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हेच ऑपरेशन केलं. कपाळाच्या कातडीने नाक बांधण्याची पद्धत आजही वापरली जाते, आणि जोडलेली पट्टी आजही साधारण तीन आठवड्यांनीच कापतात.

कावसजीचं नाव आणि चेहरा जगभर पोहोचला. नाक बसवणाऱ्याचं नाव मात्र त्या लेखात कुठेच नाही.