राशींचे मालक कसे ठरले? वराहमिहिरांच्या ग्रंथातली वाटणी

मेषेचा स्वामी मंगळ, वृषभेचा शुक्र. पत्रिका पाहताना हे गृहीतच धरले जाते. ही वाटणी संस्कृतात ज्यांच्या ग्रंथामुळे रूढ झाली, त्यांत उज्जैनचे वराहमिहिर आघाडीवर आहेत.

कोण होते वराहमिहिर?
ते अवंती प्रांतातले. वडील आदित्यदास हेच त्यांचे गुरू. ‘पंचसिद्धांतिका’ या ग्रंथात त्यांनी गणनेसाठी शके ४२७, म्हणजे इ.स. ५०५ हे वर्ष धरले. त्यावरून त्यांचा काळ ठरतो. विक्रमादित्याच्या नवरत्नांत त्यांचे नाव घेतले जाते, ती मात्र आख्यायिका.

वाटणी कशी आहे?
‘बृहज्जातक’ या ग्रंथात सिंह रास सूर्याची आणि कर्क चंद्राची आहे. उरलेल्या पाच ग्रहांना दोन-दोन राशी. कर्क-सिंहापासून दोन्ही बाजूंना मोजत गेल्यास क्रम लक्षात येतो: मिथुन-कन्या बुधाच्या, वृषभ-तूळ शुक्राच्या, मेष-वृश्चिक मंगळाच्या, मीन-धनु गुरूच्या आणि मकर-कुंभ शनीच्या. सूर्याच्या आसपासच दिसणारा बुध सर्वांत जवळ, सर्वांत संथ शनी सर्वांत दूर. राहू-केतूंना या वाटणीत रास नाही.

पत्रिकेत उपयोग काय?
मेष लग्न असेल तर सातव्या, म्हणजे जोडीदाराच्या स्थानी तूळ रास येते. तिचा स्वामी शुक्र. त्यामुळे सातवे स्थान रिकामे असले तरी ज्योतिषी शुक्र कुठे बसला आहे ते पाहतात.

ही विद्या आली कुठून?
वराहमिहिरांनी मेषेला ‘क्रिय’, सिंहेला ‘लेय’, मंगळाला ‘आर’ अशी ग्रीक वळणाची नावेही दिली आहेत. यवन परके असले, तरी या शास्त्रातील ज्ञानामुळे ते ऋषींसारखे पूज्य ठरतात, असे त्यांनी ‘बृहत्संहिते’त मान्य केले. ज्ञानाचे श्रेय देताना त्यांनी जात-धर्म आड येऊ दिला नाही.

कसोटी कुठे थांबली?
त्याच ग्रंथात, राहू चंद्राला गिळतो ही समजूत बाजूला सारून त्यांनी चंद्रग्रहणाचे कारण पृथ्वीची सावली असे सांगितले. राशिस्वामींना मात्र अशी कसोटी लावली नाही. इ.स. ५८७ मध्ये त्यांचे निधन झाले, असे मानले जाते. ग्रहणाचे त्यांचे उत्तर आजही खरे आहे. राशिस्वामींवरून केलेल्या भाकितांना वैज्ञानिक पुरावा नाही. पत्रिकेतली वाटणी मात्र अजून तीच आहे.