इतरांच्या कटकटीतच देव शोधणारी नन : संत तेरेजाची गोष्ट

मदर तेरेसांनी नन झाल्यावर 'तेरेसा' हे नाव घेतलं, ते एका फ्रेंच ननवरून. ही नन अवघ्या 24 व्या वर्षी गेली. तिने ना संस्था काढली, ना दवाखाना. तरीही कॅथलिक चर्चमध्ये तिला फार मोठं स्थान आहे. असं तिने केलं तरी काय?

तेरेजा मार्टिनचा जन्म 2 जानेवारी 1873 चा, फ्रान्समधल्या आलाँसाँचा. वडील घड्याळजी, आईचा लेसचा व्यवसाय. तेरेजा घरातलं शेंडेफळ. चार वर्षांची असतानाच आई गेली. पुढे मोठ्या बहिणी मठात गेल्या आणि तिनेही तोच हट्ट धरला. वय कमी म्हणून नकार मिळाला, तर 1887 मध्ये रोमला जाऊन तिने थेट पोप तेरावे लिओ यांना साकडं घातलं. ती पायाशी बसून हलेना, तेव्हा रक्षकांनी तिला उचलून बाहेर नेलं. अखेर बिशपांनी परवानगी दिली आणि 9 एप्रिल 1888 ला, 15 व्या वर्षी ती लिझ्यूच्या कार्मेलाईट मठात दाखल झाली.

आता रोज तेच चेहरे, तेही मरेपर्यंत.

संध्याकाळच्या ध्यानाला मागे बसणारी एक सिस्टर विचित्र आवाज करायची, दोन शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा. तेरेजाला वाटायचं, वळून रागाने बघावं. तो राग आवरताना तिला घाम फुटायचा. शेवटी कान बंद करण्याचा प्रयत्न तिने सोडला. तो आवाज म्हणजे जणू संगीत, असं मानून ती लक्ष देऊन ऐकू लागली आणि तेच येशूला अर्पण करू लागली.

कपडे धुताना समोरची सिस्टर तिच्या तोंडावर घाण पाणी उडवायची. तेरेजा मागे सरकायची नाही. जिचं काहीच आवडायचं नाही, त्या सिस्टरला ती मुद्दाम हसून बोलायची. त्या सिस्टरला वाटलं, आपण हिच्या खास लाडक्या आहोत!

एका म्हाताऱ्या, आजारी सिस्टरला जेवणघरात न्यायचं काम तिने स्वतःहून घेतलं. जोरात चाललं तरी तक्रार, हळू चाललं तरी तक्रार. तेरेजा तिला जागेवर बसवायची, पाव कापून द्यायची आणि हसून निघायची. म्हातारी विरघळली ती त्या हसण्यानेच.

तेरेजाला राग येत नव्हता असं नाही. पण मोठे पराक्रम आपल्या आवाक्यातले नाहीत, हे तिला कळलं होतं. मग देवाला द्यायला रोज हाताशी काय असतं? हेच छोटे छोटे वैताग. याच वाटेला पुढे 'छोटा मार्ग' असं नाव पडलं.

या आठवणी तिने जून 1897 मध्ये वहीत लिहिल्या. तेव्हा क्षयाने ती खंगली होती. स्वर्ग खरंच आहे का, या शंकेनेही तिला ग्रासलं होतं. बागेत चाकाच्या खुर्चीत बसून ती लिहायची आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी गप्पा मारायला यायचं. विषय होता प्रेमाचा, त्यामुळे वैतागायचीही सोय नव्हती!

30 सप्टेंबर 1897 ला ती गेली. वर्षभराने पुस्तकाच्या 2,000 प्रती निघाल्या आणि नाव जगभर पोहोचलं. 1925 मध्ये ती संत झाली. 1927 मध्ये तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केलं गेलं. या मानात तिचा जोडीदार कोण? समुद्र पालथे घालणारे संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत. तेरेजा मात्र एकदा मठात शिरली, ती पुन्हा बाहेर पडलीच नाही.