डॉ. मुख्तार अहमद अन्सारी : जखमींच्या सेवेचा धडा

वाचकहो, दूर देशी लढाई पेटल्याची बातमी आली की आपले मन कळवळते. मशिदीत दुआ मागितली जाते, मोहल्ल्यात वर्गणी गोळा होते. आपणही यथाशक्ती रक्कम देतो आणि कर्तव्य पार पडले असे समजतो. पण तो पैसा जखमी सैनिकाच्या अंगावरील पट्टीपर्यंत कसा पोचतो, वाटेत कोणकोणते अडथळे पार करावे लागतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो करावयाचा असेल तर डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे जीवन प्रत्येक पालकाने आणि विद्यार्थ्याने समजून घ्यावे असे आहे.

डॉ. अन्सारी यांचा जन्म 25 डिसेंबर 1880 रोजी उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात युसूफपूर या गावी झाला. बुद्धी तल्लख, त्यात कष्टाळू वृत्ती. त्या बळावर ते विलायतेस गेले, एडिनबरो येथे वैद्यकशास्त्राच्या उच्च पदव्या मिळविल्या आणि लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात शल्यचिकित्सेचे काम केले. त्या काळी एका हिंदी तरुणाला लंडनच्या रुग्णालयात असा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. 1910 साली ते मायदेशी परतले आणि दिल्लीत व्यवसाय करू लागले. नावलौकिक झाला, पैसाही मिळू लागला. सुखाने जगण्यास आणखी काय हवे होते?

पण ऑक्टोबर 1912 मध्ये बाल्कन युद्ध सुरू झाले. माँटेनेग्रो, सर्बिया, बल्गेरिया आणि ग्रीस ही चार राज्ये तुर्कस्तानावर चालून गेली. थोड्याच आठवड्यांत तुर्की सैन्य मागे हटत हटत इस्तंबूलजवळच्या चताल्जापर्यंत आले. जखमींची गणती उरली नाही. त्यातच सैन्यात पटकीची साथ शिरली. रुमेलियातून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांनी शहरातील मशिदी भरून गेल्या. हिंदुस्थानात हळहळ पसरली. मौलाना मुहम्मद अली यांनी आपल्या ‘कॉम्रेड’ साप्ताहिकातून मदतीची हाक दिली आणि वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरले. पथकाचे नेतृत्व डॉ. अन्सारी यांनी स्वीकारले आणि चालता व्यवसाय बंद ठेवला.

आता अडचणी पाहा. पहिली अडचण परवानगीची. आपण पारतंत्र्यात होतो. या युद्धात इंग्रज सरकार तटस्थ होते, म्हणून पथकाला जाता आले. दोनच वर्षांनी, 1914 साली, तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध पक्षास मिळाला. मग हेच काम राजद्रोह ठरले असते. जखम तीच, पट्टीही तीच, पण राजकारण बदलले की सेवेचा रस्ता बंद होतो. जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांवर शस्त्र चालवू नये, असा करार जिनेव्हा येथे 1864 सालीच झाला होता. तरीही मदतीच्या पथकाला वाट द्यायची की नाही, हे अखेर सत्ताधारीच ठरवीत.

दुसरी अडचण माणसांची. पथकात दोन डझनांच्या आसपास माणसे होती, पण डॉक्टर थोडेच होते. बाकीचे बहुतेक तरुण, त्यांतले काही अलीगढच्या कॉलेजातले. चौधरी खलीकुज्जमान, शुऐब कुरेशी, अब्दुर्रहमान सिद्दीकी, पेशावरचा अब्दुर्रहमान ही त्यांतील काही नावे. उत्साह उदंड, पण रुग्णसेवेचे शिक्षण नाही. जखम कशी धुवावी, पट्टी कशी बांधावी, हे त्यांना शिकावे लागले. विद्यार्थी मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. रणांगणावर नुसत्या भावनेचा उपयोग नाही. ज्याच्या हाताला काम येत नाही तो तेथे भार होतो.

तिसरी अडचण वेळेची. डिसेंबर 1912 च्या मध्यास पथक मुंबई बंदरातून बोटीने निघाले. ते पोचले तेव्हा शस्त्रसंधी झालेली होती. लढाईची पहिली आणि सर्वांत भयंकर लाट येऊन गेली होती. पण तोफा थांबल्या म्हणून जखमा भरत नाहीत. पथकाने तुर्की हिलाल-ए-अहमर संस्थेच्या सहकार्याने ओमेर्ली येथे इस्पितळ उभारले. फेब्रुवारी 1913 मध्ये युद्ध पुन्हा भडकले. पुढे चनाक्कले येथेही पथकाने काम केले. रोजच्या कामाचा वृत्तांत डॉक्टरसाहेब पत्रांतून कळवीत आणि तो ‘कॉम्रेड’मध्ये छापला जाई. ज्यांनी पैसा दिला त्यांना त्याचे काय झाले हे समजत होते. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा कित्ता गिरवावा.

मार्च 1913 मध्ये एदिर्ने शहर पडले. पथकाच्या सेवेने युद्धाचा निकाल बदलला नाही, आणि ते शक्यही नव्हते. निर्वासितांची संख्या मात्र वाढतच होती. जखमीला इस्पितळ पुरते, पण ज्याचे गावच गेले त्याला जमीन, घर आणि काम लागते. अशा लोकांना अनातोलियात वसविण्याच्या योजनेतही डॉ. अन्सारी यांनी लक्ष घातले. तथापि एवढे मोठे काम मूठभर पाहुण्यांच्या आवाक्यातले नव्हते. जुलै 1913 मध्ये पथक मुंबईस परतले.

पेशावरचा अब्दुर्रहमान मात्र परतला नाही. तो तुर्की सैन्यात दाखल झाला, पुढे तुर्कस्तानचा वकील म्हणून काबूललाही गेला आणि 1925 साली इस्तंबूलमध्ये गोळी लागून मरण पावला. त्याच्या शौर्याविषयी शंका नाही. पण पट्टी बांधणारा हात आणि बंदूक धरणारा हात यांच्या वाटा वेगळ्या असतात. डॉ. अन्सारी यांनी डॉक्टरचीच वाट धरली.

मग ती वाट त्यांना कोठे घेऊन गेली? ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले, 1927 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण त्यांच्या जीवाचा खरा ओढा होता तो जामिया मिल्लिया इस्लामिया या संस्थेकडे. 1920 साली अलीगढला तिची स्थापना झाली. 1924 साली खिलाफतच संपुष्टात आली, चळवळीचा पैसा आटला आणि संस्था बंद पडण्याची वेळ आली. हकीम अजमल खान यांच्या निधनानंतर, 1928 पासून, डॉ. अन्सारी तिचे कुलपती झाले. शिक्षकांनी दीडशे रुपयांहून अधिक पगार न घेता वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली. 1 मार्च 1935 रोजी ओखला येथे नव्या इमारतीची कोनशिला बसली, तीही शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून.

10 मे 1936 रोजी मसुरीहून दिल्लीस येताना आगगाडीतच डॉक्टरसाहेबांचे निधन झाले. जामियाच्या भूमीतच त्यांना दफन करण्यात आले.

पालकहो, आजही जगात लढाया थांबलेल्या नाहीत. आजही औषधांच्या मोटारी नाक्यांवर अडतात, इस्पितळे सुरक्षित राहत नाहीत. आपली वर्गणी जरूर द्या, आणि तिचा हिशेबही मागा. परंतु तेवढ्यावर थांबू नका. आपल्या मुलामुलींना डॉक्टर करा, परिचारिका करा, चोख हिशेब ठेवणारे करा. उद्या कोठून तरी हाक येईल. त्या वेळी आपल्या घरातून काम येणारे दोन हात पुढे झाले, तर या शाळेत घातलेला प्रत्येक पैसा सत्कारणी लागला असे समजा.