एरिक लेथवेट

एरिक रॉबर्ट्स लेथवेट (१४ जून १९२१ – २७ नोव्हेंबर १९९७) हे ब्रिटिश विद्युत अभियंते आणि लंडन येथील इंपीरियल कॉलेजमधील प्राध्यापक होते. रेषीय प्रवर्तन मोटरचा विकास आणि तिच्या आधारे शहरांना जोडणारी अतिजलद रेल्वे उभारण्याचा प्रयत्न यांसाठी ते ओळखले जातात. त्यांना अनेकदा मॅग्लेव्ह रेल्वेचे जनक म्हटले जाते, परंतु ही उपाधी काटेकोर नाही. चुंबकीय उत्थापनावर चालणाऱ्या गाडीच्या पेटंटसाठी जर्मनीतील हेर्मान केम्पर यांनी १९३४ मध्येच अर्ज केला होता.

पूर्वायुष्य

लेथवेट यांचा जन्म इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात अ‍ॅथर्टन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते शाही हवाई दलात होते आणि फार्नबरो येथे विमानांच्या स्वयंचलित नियंत्रणाच्या चाचण्यांवर त्यांनी काम केले. युद्धानंतर त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व तेथेच अध्यापन केले. १९६४ मध्ये ते इंपीरियल कॉलेजमध्ये अवजड विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले.

रेषीय मोटर

लँकेशायर हा कापड गिरण्यांचा मुलूख. मागावरचा धोटा यांत्रिक आघाताऐवजी विजेने फेकता येईल का, या प्रश्नातून लेथवेट रेषीय मोटरकडे वळले. ही कल्पना जुनीच होती. नेहमीची गोल मोटर एका बाजूने कापून सपाट उलगडली, तर तिचे चुंबकीय क्षेत्र गोल फिरण्याऐवजी सरळ रेषेत पुढे सरकते. त्या क्षेत्रात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असल्यास तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि गाडी पुढे ढकलली जाते. या प्रेरणेसाठी चाक व रूळ यांच्यातील घर्षणाची गरज राहत नाही. धोट्याला याचा फारसा उपयोग झाला नाही, परंतु वाहतुकीसाठी तो होईल हे लेथवेट यांनी ओळखले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस मँचेस्टरमधील गॉर्टन येथे या मोटरवर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग झाले.

ट्रॅक्ड हॉवरक्राफ्ट आणि सरकारी अर्थसाहाय्य

हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या हॉवरक्राफ्टच्या विकासाला ब्रिटनमधील राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने पैसा पुरवला होता. त्याच महामंडळाच्या आधारे १९६७ मध्ये ट्रॅक्ड हॉवरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. तिची गाडी काँक्रीटच्या उंच मार्गावर हवेच्या गादीवर तरंगणार होती आणि तिला गती देणार होती रेषीय मोटर. लेथवेट या प्रकल्पाशी जोडले गेले. केंब्रिजशायरमधील इअरिथ गावाजवळ चाचणी मार्गाचे काम सुरू झाले. हा मार्ग बराच लांब करण्याची योजना होती, परंतु प्रत्यक्षात सुमारे एक मैलच पूर्ण झाला. एवढ्या अंतरात वेग घ्यायचा आणि थांबायचेही, त्यामुळे गाडीची खरी क्षमता तेथे दिसणे शक्यच नव्हते.

फेब्रुवारी १९७३ मध्ये ‘आरटीव्ही ३१’ या चाचणी गाडीने समोरून वारा असतानाही ताशी १६७ किलोमीटरचा वेग गाठला. त्यानंतर आठवडाभरातच सरकारने अर्थसाहाय्य बंद केले. या विषयाचे मंत्री मायकेल हेझल्टाइन होते. निर्णय आधीच झालेला असताना संसदेत तो विचाराधीन असल्याचे सांगितले गेले, असा आक्षेप घेण्यात आला. एअरी नीव्ह यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या विज्ञान व तंत्रज्ञान समितीनेही या प्रकरणाची चौकशी केली.

सरकारच्या निर्णयामागे काहीच तर्क नव्हता, असे म्हणता येत नाही. नव्या पद्धतीसाठी संपूर्ण मार्ग नव्याने बांधावा लागणार होता. ब्रिटिश रेल्वेची ‘अ‍ॅडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन’ मात्र जुन्याच रुळांवर अधिक वेगाने धावणार होती आणि तिलाही सरकारी पैसा मिळत होता. (ती गाडीही पुढे नियमित सेवेत टिकली नाही.) तथापि, एका मैलाच्या चाचणीवर एवढ्या मोठ्या कल्पनेचा निकाल लावला गेला, ही लेथवेट यांच्या बाजूची तक्रारही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

चुंबकीय नदी

हवेच्या गादीसाठी पंखे आणि गतीसाठी वेगळी मोटर, हा दुहेरी भार टाळण्यासाठी लेथवेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॅग्नेटिक रिव्हर’ म्हणजे ‘चुंबकीय नदी’ ही रचना विकसित केली. तीत एकच मोटर गाडीला उचलते, मध्यभागी स्थिर ठेवते आणि पुढेही नेते. प्रयोगशाळेत तिची प्रात्यक्षिके यशस्वी झाली, परंतु अतिजलद प्रवासी गाडीच्या आकारात तिची चाचणी कधीच झाली नाही.

याच काळात जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने मियाझाकी येथे चाचणी मार्ग बांधला. १९७९ मध्ये तेथील मानवरहित गाडीने ताशी ५१७ किलोमीटरचा वेग गाठला. पश्चिम जर्मनीत संघराज्य सरकारच्या पैशातून एम्सलँड येथे ३० किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग उभा राहिला आणि त्याच ट्रान्सरॅपिड तंत्रावर पुढे शांघायची सेवा सुरू झाली. या दोन्ही पद्धतींतील मोटर लेथवेट यांच्या मोटरहून वेगळ्या प्रकारची आहे. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विमानतळ व रेल्वे स्थानक यांदरम्यान १९८४ ते १९९५ या काळात सुमारे ६०० मीटरची मंदगती मॅग्लेव्ह सेवा चालली. तीत मात्र रेषीय प्रवर्तन मोटरच होती.

अन्य कार्य

लेथवेट प्रभावी व्याख्याते होते. रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळ व्याख्याने त्यांनी १९६६ व १९७४ मध्ये दिली. १९७४ मध्येच तेथील एका भाषणात त्यांनी भोवऱ्यासारख्या फिरत्या चक्रांचे वर्तन न्यूटनच्या नियमांत बसत नसल्याचे सुचवले. हे मत चुकीचे होते आणि त्यामुळे वैज्ञानिक वर्तुळातील त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. फुलपाखरे व पतंग यांचाही त्यांचा गाढा अभ्यास होता आणि त्या विषयावरील एका सचित्र कोशाचे ते सहलेखक होते. अखेरच्या वर्षांत ते अवकाशयानाला रेषीय मोटरने प्रारंभिक वेग देण्याच्या कल्पनेवर काम करीत होते.

‘आरटीव्ही ३१’ ही गाडी पीटरबरो येथील रेलवर्ल्ड या संग्रहालयात जतन केलेली आहे.