रस्त्यांच्या पैशांमागं एका मराठी बॅरिस्टरचं डोकं होतं

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात पोशेरा नावाचं गाव आहे. याच तालुक्यातून एक राष्ट्रीय महामार्ग जातो. त्याचा नंबर १६०ए. सिन्नर, घोटी, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर आणि पुढं पालघर असा त्याचा रूट.

आता कुणालाही प्रश्न पडेल, हा १६०ए नंबर आला कुठून?

तर २०१० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर दिले. नियम सोपा आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याला सम आकडा, पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला विषम. नंबर तीन आकडी असेल तर शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. म्हणजे १६० हा ६० नंबरचा फाटा. ६० म्हणजे धुळे-नाशिक-पुणे. आणि १६०ए ही त्या १६० ची फांदी.

गंमत म्हणजे अमेरिकेत हेच बरोबर उलटं आहे. तिथल्या इंटरस्टेट महामार्गांमध्ये उत्तर-दक्षिण विषम आणि पूर्व-पश्चिम सम. तिथं बहुतेक राज्यांमध्ये हायवेवरून खाली उतरायच्या एक्झिटलाही मैलाप्रमाणे नंबर असतो. आपल्याकडं एक्झिटचा नंबर कुणी सांगत नाही. १६०ए जिथं मुंबई-अहमदाबाद हायवेला मिळतो, तिथं लोक सरळ मस्तान नाक्याला उतरा म्हणतात. तो अहमदाबाद हायवेसुद्धा पूर्वी ८ नंबरचा होता, आता ४८ झालाय.

पण रस्त्याचा नंबर हा फक्त पत्ता नसतो. रस्ता कुणाच्या ताब्यात आणि खड्डे बुजवायला पैसे कुणी द्यायचे, हेही त्यावरून कळतं. आणि रस्त्यांचे पैसे नक्की कुणी द्यायचे हा प्रश्न देशपातळीवर पहिल्यांदा नीट सोडवायला बसलेल्या समितीचा अध्यक्ष मराठी माणूस होता. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर.

पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना हे नाव जयकर ग्रंथालयामुळं माहिती असतं. पण त्यांचा रस्त्यांशी काय संबंध होता हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा. मुंबईचं पाठारे प्रभू कुटुंब. १९०५ साली ते लंडनहून बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर काँग्रेसने पंजाबच्या चौकशीसाठी जी समिती नेमली, तिच्यात गांधीजींसोबत जयकरही होते. १९२३ ला ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात गेले. नंतर पक्षाच्या असहकाराच्या धोरणावरून बिनसलं आणि न. चिं. केळकर, डॉ. मुंजे यांच्यासोबत त्यांनी प्रतिसहकाराची वाट धरली. १९२६ ला ते दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात पोहोचले.

त्याच वेळी देशात एक वेगळीच अडचण उभी राहिली होती.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या. रस्ते मात्र बैलगाडीच्या हिशोबाने बांधलेले. लॉरीच्या वजनाखाली ते उखडायला लागले. त्यात १९१९ च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडं दिला आणि प्रांतांनी बरेचसे रस्ते लोकल बोर्डांच्या गळ्यात मारले. लोकल बोर्डांकडं पैसाच नव्हता.

म्हणून १९२७ ला सरकारने समिती नेमली आणि अध्यक्ष केलं जयकरांना. पुढच्याच वर्षी अहवाल आला. त्याचं सार असं, की हा भार प्रांतांना आणि लोकल बोर्डांना एकट्यानं पेलणार नाही, केंद्राने यात पडलं पाहिजे. आणि पैसा? जो रस्ता वापरतो त्याच्याकडूनच घ्या. पेट्रोलवर गॅलनमागं दोन आणे जादा कर लावा आणि तो फक्त रस्त्यांसाठी बाजूला ठेवा.

१९२९ ला सेंट्रल रोड फंड सुरू झाला तो यातूनच. इंजिनियर लोकांना एकत्र बसून अनुभव मांडता यावेत अशी कायमची संस्था हवी, हीसुद्धा याच समितीची शिफारस. त्यातून १९३४ ला इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. आज रस्त्यावरचे बोर्ड कसे असावेत याचा आयआरसी ६७ आणि शहरातले इंटरचेंज कसे असावेत याचा आयआरसी ९२, हे दोन्ही दस्तावेज याच संस्थेचे. डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य इंजिनियर नागपुरात जमले आणि त्यांनी राष्ट्रीय महामार्गापासून गावच्या रस्त्यापर्यंत प्रतवारी ठरवली. मैलाच्या दगडावर राष्ट्रीय महामार्गाला पिवळा आणि राज्य महामार्गाला हिरवा रंग दिसतो, त्यामागं हीच प्रतवारी आहे.

या योजनेत एक गोची मात्र होती. फंडातला प्रांतांचा वाटा पेट्रोलच्या खपावर ठरायचा. म्हणजे जिथं मोटारी जास्त तिथं पैसा जास्त. जिथं मोटारच पोहोचत नव्हती, त्या डोंगराळ भागाला या गणितात जागा कमीच होती.

जयकर पुढं राजकारणात मध्यस्थ म्हणून गाजले. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारासाठी तेजबहादूर सप्रूंसोबत त्यांनी धावपळ केली, १९३२ च्या पुणे करारावर सही केली. ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले, नंतर प्रिव्ही कौन्सिलवर गेले. १९४६ ला घटना समितीत आले, पण लवकरच राजीनामा दिला. मुंबईच्या त्याच रिकाम्या जागेवर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून आले. १९४८ ते १९५६ जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. १० मार्च १९५९ ला त्यांचं निधन झालं.

त्यांचा फंड मात्र जिवंत राहिला. २००० साली त्याला नवा कायदा मिळाला. पेट्रोल-डिझेलवरच्या सेसचा पैसा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेलाही मिळू लागला. या योजनेची सुरुवातीची अट होती, वस्ती किमान ५०० लोकांची हवी, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०.

मोखाडा-जव्हारचे कित्येक पाडे त्याहून लहान आहेत. पावसाळ्यात पेशंटला डोलीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावं लागल्याच्या बातम्या याच पट्ट्यातून येतात. रस्ता वापरणाऱ्याने पैसे द्यावेत, हे जयकर समितीने १९२८ ला ठरवलं. पण ज्याच्या दारात अजून रस्ताच नाही त्याचं काय, याचं उत्तर आजही बाकी आहे.